भागीतली विहीर आणि आपला सहवीज प्रकल्प





आडसाली लागणीच्या नोंदी घेत मागल्या पंधरवड्यात नदीकाठच्या गटात फिरत होतो. पाच-सहा जणांच्या नोंदी झाल्या, चिटबॉयने वही मिटली आणि देवळाच्या कट्ट्यावर चहा आला. चहाबरोबर विषय निघाला तो येत्या वार्षिक सभेपुढे येणाऱ्या सहवीज प्रकल्पाच्या ठरावाचा. तरुण मंडळी उत्साहात होती. कारखान्याचा एक रुपया लागत नाही, वीजघर उभं राहतंय, मुदत संपली की ते आपलंच होतंय, मग नाही म्हणायचं कशाला, असा एकंदर सूर होता. कोपऱ्यात एक वयस्क सभासद तंबाखू मळत बसले होते. चिमूट तोंडात टाकून त्यांनी मला विचारले,

"साहेब, आमची एक भागीतली हीर हाय. आज्यानं आन् भावकीनं मिळून काढल्याली. खांदताना कुणाचं कुणासंगं वाकडं आलं न्हाई. पाणी लागलं, नारळ फुटला, आन् मग पाळीवरनं जी जुंपली ती माझ्या बापाच्या माघारी कोर्टात मिटली. तवा मला एवढंच सांगा, ह्या वीजघराची पाळी कोण ठरवणार?"

त्या घडीला मला उत्तर देता आले नाही. "करारात सगळं लिहिलेलं असतंय, आबा," असे काहीतरी बोलून मी मोटारसायकलला किक मारली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख. प्रारंभीच सांगतो की, ही मते माझी आहेत, संचालक मंडळाची नव्हेत. मी काही अर्थशास्त्रज्ञ नव्हे. कृषी पदविका घेतलेला, बांधावर फिरणारा माणूस आहे. पण या प्रकल्पाचे पोट भरणार ते उसावर, आणि उसाचा अंदाज काढण्याचे काम कारखान्याने मला दिले आहे. तेव्हा बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे समजतो.

प्रथम प्रस्ताव काय आहे ते थोडक्यात. जागा कारखान्याची, पाणी कारखान्याचे, बगॅस कारखान्याचे. बॉयलर, टर्बाइन आणि भांडवल खाजगी कंपनीचे. कंपनीने कारखान्याला लागेल तेवढी वाफ आणि वीज द्यायची, उरलेली वीज महावितरणला विकून आपला पैसा वसूल करायचा, आणि मुदतीअखेर सर्व यंत्रसामग्री कारखान्याच्या स्वाधीन करायची. यालाच बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा असे म्हणतात. ही पद्धत आपल्या भागात नवी नाही. वारणानगरला आणि शिरोळच्या दत्त कारखान्यावर ऊर्जांकुर या नावाने कंपन्या स्थापून असेच सहवीज प्रकल्प उभे राहिले.

आणि खरे पाहता भागीचा धंदा सहकाराला परका कुठे आहे? प्रवरानगरचा कारखाना १९५० साली उभा राहिला तेव्हापासून ही चळवळ भागीवरच चालली आहे. शेतकऱ्याचा शेअर, वित्त संस्थांचे कर्ज, आणि पुढे शासनाचे भागभांडवल, जे कारखान्याने हळूहळू परत फेडायचे. शासन आणि शेतकरी मिळून उभे केलेले काम म्हणजेच आपला कारखाना. त्यामुळे 'खाजगी' शब्द ऐकला की अंगावर पाल पडल्यासारखे करणाऱ्यांपैकी मी नाही. रस्ता, पूल, वीजघर, विमानतळ ही मोठी कामे एकट्या सरकारच्या तिजोरीतून होतील हे दिवस गेले. प्रश्न भागी करावी की नाही हा नाहीच. आबांनी विचारला तो आहे. पाळी कोण ठरवणार, आणि पाणी कमी पडले तर कोणाचे वाफे सुकणार?

याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. आपल्या महाराष्ट्राने या बाबतीत एवढे पैसे मोजून शिक्षण घेतले आहे की दुसऱ्या राज्यांनी आपल्याकडे शिकायला यावे.

सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण दाभोळचे. गुहागर तालुक्यात एन्रॉन कंपनीच्या वीजघराचा करार राज्य वीज मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये केला. तत्पूर्वी त्याच वर्षी जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसा देण्यास नकार दिला होता. एवढ्या मोठ्या आणि एवढ्या महाग विजेची राज्याला गरज दिसत नाही असे तिचे म्हणणे पडले. तरी करार झाला. १९९५ साली सरकार बदलले, करार रद्द झाला, १९९६ साली फेरवाटाघाटी होऊन पुन्हा झाला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. आता करारातील मेख बघा. वीज मंडळाने वीज घेवो अथवा न घेवो, यंत्र तयार आहे म्हणून ठरलेला स्थिर आकार द्यायचाच. तोही डॉलरच्या हिशेबात. तेलाचे भाव वाढले, रुपया घसरला, तो सगळा भार मंडळावर. मागणी अपेक्षेइतकी वाढली नाही, तोही भार मंडळावर. वीज जेवढी कमी घ्यावी तेवढा युनिटचा दर चढत गेला. काही महिन्यांत तो सात रुपयांच्या वर गेला. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले आणि वीजघर बंद पडले. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिने करारातील एकेक गाठ लोकांपुढे सोडून दाखवली. पण ती गाठ मारताना कोणी दाखवली नव्हती.

आपल्या भाषेत सांगायचे तर शेत दोन तऱ्हेने दुसऱ्याच्या हाती जाते. एक वाट्याने, एक खंडाने. वाट्यात पीक आले तर दोघांचे, बुडाले तर दोघांचे. खंडात पीक येवो न येवो, ठरलेला आकडा मोजावा लागतो. दाभोळला नाव होते भागीदारीचे, आणि करार होता खंडाचा. त्यातही कंपनी जमीनमालकाच्या जागी जाऊन बसली होती आणि महाराष्ट्र कुळाच्या. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढे आपल्या मसुद्याकडे येताना तिची गरज लागणार आहे.

दुसरे उदाहरण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे. हे मला दाभोळपेक्षाही बोलके वाटते, कारण यात चांगले आणि वाईट दोन्ही आहे. हा रस्ता आधी खाजगीकरणातूनच व्हायचा होता. निविदा आली ती ३,६०० कोटींच्या घरात, असे तेव्हाचे बांधकाम मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी जाहीरपणे अनेकदा सांगितले आहे. शासनाने ती नाकारली. १९९६ साली रस्ते विकास महामंडळ काढले, शासनाच्या हमीवर बाजारातून रोख्यांनी पैसा उभा केला, आणि सुमारे १,६३० कोटींत रस्ता केला. २००२ साली तो पूर्णपणे वाहतुकीला खुला झाला. येथे 'सरकारी चांगले, खाजगी वाईट' असा अर्थ काढू नये. काम प्रत्यक्ष केले ते खाजगी ठेकेदारांनीच. फरक एवढाच की मालकाच्या बाजूला असा माणूस बसला होता ज्याला एका किलोमीटरला किती खडी, किती सिमेंट, किती मजुरी याचा हिशेब स्वतः मांडता येत होता. त्यामुळे समोरच्याचा आकडा फुगलेला आहे हे त्याला कळले आणि 'नको' म्हणता आले.

पण त्याच रस्त्याची पुढची हकीकत ऐका. २००४ साली या मार्गाची आणि जुन्या पुणे रस्त्याची टोलवसुली पंधरा वर्षांसाठी एका कंपनीला दिली गेली. कंपनीने ९१८ कोटी रुपये आगाऊ मोजले. महामंडळाला कर्ज फेडायला हातात पैसा हवा होता, तेव्हा त्यातही गैर काही नव्हते. गैर पुढे झाले. रोज किती वाहने जातात, किती पैसा जमतो, याचा हिशेब सामान्य माणसाला मिळेना. तो मिळवण्यासाठी पुण्याच्या माहिती अधिकार कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षे अर्ज, अपिले करावी लागली. गाड्या मोजणार कंपनी, पैसे घेणार कंपनी आणि हिशेब सांगणारही कंपनी. ही मुदत २०१९ साली संपली आणि २०२० साली पुढील दहा वर्षांसाठी पुन्हा वसुलीचा हक्क विकला गेला तो ८,२६२ कोटींना. मधल्या काळात वाहने आणि दर दोन्ही वाढले, रुपयाची किंमत उतरली, हे सगळे धरले तरी ९१८ आणि ८,२६२ हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा. त्या रस्त्यावर खरे किती पीक येते हे २००४ साली विकणाऱ्याला ठाऊक होते का, अशी शंका येते.

सभासदहो, काट्याची गोष्ट तुम्हाला मी सांगायला नको. काटामारी हा शब्द काय आहे ते ऊसवाल्याला विचारावे. गव्हाणीत ऊस टाकण्याआधी गाडी कोणाच्या काट्यावर चढली यावरून या राज्यात किती आंदोलने झाली! खाजगी काट्यावर वजन करून आणा, कारखाना ते मान्य करील, असे काही कारखान्यांना जाहीर करावे लागले. टोलनाका म्हणजे रस्त्याचा वजनकाटाच. २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, त्यामुळे प्रत्येक वाहनाची नोंद यंत्रात होते. हे उत्तमच झाले. परंतु नोंद होणे आणि ती मालकाला रोज दिसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

कोल्हापूरचे प्रकरण तर घरचेच. शहरातील जवळपास पन्नास किलोमीटरचे रस्ते एका खाजगी कंपनीने करायचे, महापालिका आणि रस्ते महामंडळ भागीदार, आणि बदल्यात शहरात शिरणाऱ्या वाहनांकडून तीस वर्षे टोल घ्यायचा, असा तो करार. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके पेटले. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी म्हातारी माणसे रस्त्यावर उतरली. लोकांची मुख्य तक्रार काय होती? पैसे द्यायला नको ही नव्हती. निदान एवढीच नव्हती. काम किती झाले, कसे झाले, अपुरे किती, त्याची खरी किंमत किती, हे आम्हाला कोणी मोजून दाखवले नाही, ही होती. मग शासनाने मूल्यांकनासाठी समिती नेमली. म्हणजे मोजमाप झाले, पण नाके जळल्यानंतर! २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाल्याची घोषणा झाली आणि कंपनीची शेकडो कोटींची भरपाई शासनाने पत्करली. टोल कोल्हापूरकराने दिला नाही, पण कर रूपाने तो गडचिरोलीच्या माणसानेही दिला. हे मी टोलविरोधी आंदोलनाला नावे ठेवण्यासाठी म्हणत नाही. मीही तेव्हा एका मोर्चात होतो. पण रद्द झालेल्या कराराचे बिल कोणाच्या तरी नावावर निघतेच, हे त्या जल्लोषात आपण विसरलो.

दिल्लीच्या विमानतळ मेट्रोचे तर याहून अवघड झाले. २०१२ साली पुलाच्या कामात दोष निघाले, गाडी काही महिने बंद राहिली, आणि २०१३ साली खाजगी कंपनी मार्ग सोडून गेली. दोष कोणाचा यावर लवाद बसला, २०१७ साली निवाडा कंपनीच्या बाजूने, २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. अकरा वर्षे. आबांच्या विहिरीसारखेच.

आता म्हणाल, साहेब, सगळी रडगाणीच सांगता. तसे नाही. केरळात कोचीचा विमानतळ बघा. १९९९ साली तो सुरू झाला. राज्य सरकार, वित्त संस्था, आणि परदेशी राबायला गेलेल्या हजारो मल्याळी माणसांची छोटी छोटी रक्कम, अशी ती कंपनी. आज तिचे हजारो भागधारक आहेत. नियमित लाभांश वाटते. २०१५ पासून पूर्णपणे सौरऊर्जेवर चालते. मला त्यात आपल्या साखर कारखान्याचाच नमुना दिसतो. भागीदार अनेक आहेत, वर्षातून एकदा सर्वांसमोर ताळेबंद ठेवावा लागतो, आणि गल्फमध्ये मिस्त्रीकाम करणाराही 'हा खर्च कशाचा' म्हणून विचारू शकतो. तिथे खाजगी पैसा आहे, पण दार बंद नाही.

डॉ. विजय केळकर समितीने २०१५ साली अशा सार्वजनिक-खाजगी भागीदारीचा सगळा पसारा तपासला. तिचे म्हणणे थोडक्यात असे की, भागीदारी मोडीत काढू नका, पण जोखीम ज्याला सांभाळता येईल त्याच्याकडे द्या, आणि सरकारचा पैसा किती वाचला यापेक्षा लोकांना सेवा कशी मिळते याकडे बघा. जोखीम ज्याला सांभाळता येईल त्याच्याकडे. एवढे एक वाक्य घेऊन आपण आपल्या मसुद्याकडे येऊ.

या प्रकल्पात जोखमी मुख्यतः दोन. एक विजेच्या दराची, दुसरी बगॅसची म्हणजे अर्थात उसाची.

दराची जोखीम कंपनीकडे आहे, आणि ती तिच्याकडेच असणे योग्य आहे. या बाबतीत प्रस्तावाच्या बाजूने बोलले पाहिजे. अनेक सहकारी कारखान्यांनी स्वतः कर्जे काढून सहवीज प्रकल्प उभे केले. तेव्हा नियामक आयोगाने ठरवलेला दर युनिटला सहा रुपयांच्या पुढे होता. नंतर निविदा पद्धत आली आणि नवे करार पाच रुपयांच्या आत आले. हप्ते मात्र जुन्याच हिशेबाचे. शेवटी २०२४ साली राज्य शासनाला युनिटमागे दीड रुपयापर्यंत अनुदान जाहीर करावे लागले. आपल्या कारखान्याने त्या वेळी घाई केली नाही म्हणून काहींनी तेव्हा टीका केली होती. आज त्यांनीच आभार मानावेत. तेव्हा विजेच्या बाजाराचे कळते त्याने तो धोका घ्यावा आणि आपण साखरेत लक्ष घालावे, हा विचार मला पटतो.

खटकते ते दुसरे. मसुद्यात एक कलम आहे की, कारखान्याने दरवर्षी अमुक टन बगॅस पुरवलेच पाहिजे, कमी पडल्यास तुटीची भरपाई ठरलेल्या दराने कारखान्याने करावी. शंभर टन उसातून अठ्ठावीस ते तीस टन बगॅस निघते. म्हणजे बगॅसची हमी ही दुसऱ्या शब्दांत गाळपाची हमी. आणि गाळपाची हमी म्हणजे माझ्या नोंदवहीची हमी!

आता माझ्या नोंदवहीची लायकी मीच सांगतो. २०१६-१७ च्या हंगामाआधी मी दिलेला अंदाज अजून माझ्या कपाटात आहे. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने खोडवे जळाले होते ते मी धरले, पण किती लागणी मोडून लोकांनी वैरणीला घातल्या ते धरायचे राहिले. पट्टा पडला तेव्हा गाळप अंदाजाच्या निम्म्याच्या थोडे वर. एकट्या आपलेच असे झाले नाही. राज्यात आदल्या हंगामात ८४ लाख टन साखर झाली होती, ती त्या हंगामात ४२ लाख टनांवर आली. नंतर २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचे पाणी उसात आठ-दहा दिवस बसले. शेंड्यात गाळ गेला आणि उभा ऊस आतून कुजला. २०२१-२२ ला उलट झाले. राज्यात १३७ लाख टन साखर, ऊस संपता संपेना, मे महिन्यातही तोडीसाठी लोक माझ्या दारात. आणि २०२४-२५ ला पुन्हा ८० लाख टनांच्या आसपास. या झोक्यावर कोणी वर्षानुवर्षांची हमी कशी लिहून देतो ते मला समजत नाही. मी वीस-बावीस वर्षे शिवार तुडवतो आहे, मी देणार नाही.

येथे एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. प्रकल्प अहवाल करणाऱ्या सल्लागारांनी माझ्याकडून मागील दहा हंगामांचे गाळपाचे आकडे नेले. मी दहाही दिले. छापील अहवालात सरासरी काढताना दुष्काळाचे आणि पुराचे अशी दोन वर्षे 'अपवादात्मक' म्हणून वगळलेली आहेत. राहिलेल्या आठांची सरासरी साहजिकच गोंडस दिसते, आणि हमीचा आकडा त्या सरासरीवरून आला आहे. नदीकाठी राहणाऱ्याने पूर अपवाद धरायचा का? मी ही गोष्ट कार्यकारी संचालक साहेबांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "तुमचं म्हणणं सभासदांसमोर येऊ दे, लिहून द्या." त्यांच्या या मोकळेपणाबद्दल मी त्यांचा आभारी आहे. दहाही वर्षांचे आकडे प्रत्येक गट कार्यालयात फळ्यावर लावण्याची व्यवस्था या आठवड्यात केली आहे. ज्याने त्याने स्वतः सरासरी काढून बघावी.

माझे म्हणणे एवढेच की, उसाचा करार वाट्याचा असावा, खंडाचा नसावा. जेवढे गाळप होईल त्या प्रमाणात बगॅस, जेवढी बगॅस त्या प्रमाणात वाफ, वीज आणि मोबदला. दुष्काळाचे वर्ष आले तर कंपनीचेही उत्पन्न घटेल, आपलेही घटेल. कंपनी म्हणेल, मग बँक आम्हाला कर्ज देणार नाही. शक्य आहे. तर बोलणी करावी, मुदत दोन-चार वर्षे वाढवून द्यावी, पण ज्या वर्षी सभासदाच्या घरात चूल पेटायची मारामार त्या वर्षी त्याच्या बिलातून तुटीची भरपाई कापून द्यायची, हे होता कामा नये. ती कपात शेवटी कोणाच्या नावावर पडेल? तुमच्याच.

बगॅसच्या भावाचेही असेच. रंगराजन समितीच्या सूत्रानुसार साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातील सत्तर टक्के वाटा उसाच्या किमतीत जातो, आणि त्या उपपदार्थांत बगॅस येते. आता वीज दुसऱ्याची झाली म्हणजे आपल्या उत्पन्नात धरला जाणार तो फक्त करारात लिहिलेला बगॅसचा भाव. तो आज एकदा कमी लिहिला गेला की करार संपेपर्यंत आपल्या उसाचा दर तेवढा कमी. बाजारात बगॅसचा भाव दर हंगामाला बदलतो. त्याच्याशी हा भाव बांधलेला असावा. मसुद्यात तो स्थिर आहे.

आणि काटा. बगॅस पट्ट्यावरून सरळ बॉयलरकडे जाणार. तिचे वजन कोणाच्या यंत्रावर होणार? तिच्यात निम्म्याच्या आसपास ओल असते. ओल दोन-तीन टक्के जास्त दाखवली की टनाचा हिशेब आणि वाफेचा हिशेब दोन्ही फिरले. वजन आपल्या काट्यावर व्हावे, ओल आपल्या आणि त्यांच्या प्रयोगशाळेने एकाच नमुन्यावर काढावी, आणि रोजचे आकडे साखर उताऱ्यासारखे गेटवरच्या फळ्यावर लागावेत. यात कंपनीवर अविश्वास नाही. सख्ख्या भावांच्या भागीतही पाण्याची पाळी घड्याळ लावूनच होते.

एक गोष्ट मला खात्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते आणि ती मसुद्यात कुठेच नाही. नव्या व्यवस्थेत आपले जुने कमी दाबाचे बॉयलर निघणार आणि कारखान्याला लागणारी वाफ सगळी कंपनीच्या टर्बाइनमधून येणार. समजा फेब्रुवारीत ते यंत्र चार दिवस बंद पडले. गाळप थांबले. तोडणी टोळ्या फडात, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यार्डात, ऊस उन्हात. तोडलेल्या उसाचे वजन दर दिवसाला घटते आणि उतारा त्याहून वेगाने घटतो हे आपण जाणतो. बगॅस कमी दिली तर कारखाना दंड देणार असे लिहिले आहे. वाफ कमी दिली तर कंपनी काय देणार याला कलम नाही. सुकलेल्या उसाचे पैसे कोण देणार, टोळीची बसून खाण्याची भरपाई कोण देणार? हे लिहून घेतल्याशिवाय एकही जुना बॉयलर हलवू नये असे मला वाटते.

हस्तांतराबद्दल थोडेसेच. मुदतीअखेर वीजघर आपले होणार हे खरे. पण वीस वर्षे उच्च दाबावर चाललेला बॉयलर त्या दिवशी कोणत्या अवस्थेत असेल? खंडाने दिलेल्या रानात शेवटच्या वर्षी कोणी शेणखत घालतो का? तेव्हा शेवटची तीन वर्षे देखभालीचा पैसा वेगळ्या खात्यात राहावा आणि यंत्राची तपासणी त्रयस्थ तज्ज्ञाकडून व्हावी.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की, एवढ्या अटी घातल्यावर कंपनी पळून जाईल. गेली तर जाईल. माझा मात्र अनुभव वेगळा आहे. मुकादमाबरोबर करार करताना जो मुकादम प्रत्येक कलमावर भांडतो तोच हंगामाला टोळी घेऊन येतो. न वाचता अंगठा देणारा उचल घेऊन गायब होतो.

मी प्रकल्पाच्या विरोधात नाही, हे पुन्हा सांगतो. ठराव मंजूर व्हावा अशीच माझी इच्छा आहे, पण या पाच बाबी मसुद्यात आल्यानंतर. सभेला अजून तीन आठवडे आहेत. मसुद्याची मराठी प्रत प्रत्येक गट कार्यालयात ठेवली आहे. इंग्रजी कलमे कोणाला अडली तर चिटबॉयला न विचारता मला विचारावीत, त्याला तोडीच्या याद्यांचे काम आहे. मी सोमवारी मुख्य कार्यालयात आणि गुरुवारी सकाळी दहानंतर नदीकाठच्या गटात असतो. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनीही यावे. आणि आबा, तुम्ही जरूर या. तुमच्या विहिरीचा तो कोर्टातला तडजोडनामा घरात असेल तर घेऊन या. पाळी कशी लिहिली आहे ती मला बघायची आहे.